खरेदी, विक्री आणि वेल्श ‘प्रनी’: एका हरवलेल्या क्रियापदाचं पूर्ण प्रकरण

तालुक्याच्या गावात ‘शेतकरी सहकारी खरेदी विक्री संघ’ अशी पाटी असते, आपण सगळ्यांनी ती कितीतरी वेळा वाचलीय. त्या पाटीवरचे खरेदी आणि विक्री हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघालेत. खरेदी आला फारसीतल्या ‘खरीदन’वरून, विक्री आला संस्कृत वि + क्री वरून, आणि खरीदनमधलं ‘खरी’ आणि संस्कृतमधलं ‘क्री’ मुळात एकच, इराणी भाषांमध्ये र च्या आधीचा क घासून ख सारखा झाला एवढाच फरक. म्हणजे दोन चुलत भाऊ वेगवेगळ्या रस्त्यांनी फिरत मराठीत आले आणि एका पाटीवर शेजारी बसले. मला आज ज्याच्याबद्दल लिहायचंय तो या दोघांचा लांबचा तिसरा भाऊ आहे, जो पार युरोपच्या पश्चिम टोकाला गेला, वेल्स, आयर्लंड, ब्रिटनी, आयल ऑफ मॅन इकडे.

त्याचं नाव *क्व्रिनति, अर्थ ‘विकत घेतो’. आधीची चांदणी महत्त्वाची आहे, ती चांदणी म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी ते मागे जाऊन बांधलंय. आद्य केल्टिक ही आयरिश, वेल्श वगैरे भाषांची मूळ भाषा साधारण तीन हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी असं मानतात आणि तिचा एकही शिलालेख, एकही ओळ आपल्याकडे नाही. मग कोणीतरी ठामपणे कसं म्हणतं की ‘विकत घेतो’ला ती माणसं नेमकं क्व्रिनति म्हणायची? त्यातला प्रत्येक आवाज, क्व का, इ ऱ्हस्व का, शेवटचा अ ऱ्हस्व का, हे सगळं पुराव्यावर उभं आहे, आणि तो पुरावा इतका सुंदर जुळतो की मला तो सविस्तर सांगावासाच वाटतो.

सुरुवात हातात असलेल्या मालापासून करू. जुन्या आयरिशमध्ये, म्हणजे साधारण 8व्या-9व्या शतकाच्या भाषेत, ‘विकत घेतो’ला क्रेनिद म्हणतात. वेल्शमध्ये विकत घेणे म्हणजे प्रनी. कॉर्निशमध्ये (इंग्लंडच्या नैऋत्य टोकाची भाषा) प्रेना, ब्रेटनमध्ये (फ्रान्समधल्या ब्रिटनीची) प्रेनां. एका बाजूला क, दुसऱ्या बाजूला प. आता ज्याने केल्टिक भाषा कधी पाहिलेल्या नाहीत तो म्हणेल की हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगाने र आणि न सारखे आले. पण हा क आणि प चा फरक एकदा येऊन जात नाही, तो ठरल्यासारखा येतो. चारला आयरिशमध्ये कॅहिर, वेल्शमध्ये पेद्वार. पाचला जुन्या आयरिशमध्ये कोइग, वेल्शमध्ये पिम्प. ‘कोण’ला आयरिश के, वेल्श पुइ. आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण, किड्याला जुन्या आयरिशमध्ये क्रुइव सारखा शब्द आहे, वेल्शमध्ये प्रीव, आणि आपल्याकडे कृमी! तोच शब्द, पोटातल्या जंतावाला. जिथे वेल्श प तिथे आयरिश क, आणि संस्कृतात त्या जागी क किंवा च. यावरून मुळात तिथे असा आवाज असणार जो दोन्हीकडे वळू शकतो, म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला क, क्व. ओठांकडे झुकला की प, घशाकडे झुकला की क.

आणि हा क्व नुसता कागदावरचा नाही बरं का. आयर्लंडमध्ये दगडांच्या कडांवर रेघा मारून लिहिलेले ओघम लेख आहेत, बरेचसे 5व्या-6व्या शतकांतले, आणि त्या लिपीत क ला एक अक्षर आणि क्व ला दुसरं अक्षर आहे. त्या दगडांवर ‘अमक्याच्या मुलाचा’ या अर्थी मक्वि असं वारंवार येतं, जो पुढे आयरिशमध्ये मॅक झाला, नावांमधला तोच मॅक, आणि वेल्शमध्ये माब. म्हणजे आयरिशने क्व सोडून क धरला तो काळ जवळजवळ लिहिण्याच्या उजेडातच घडलाय. क्रेनिदच्या आधी आयर्लंडमध्येही क्व होता हे मान्य करायला मग अडचण राहत नाही.

इथे दोन सापळे सांगून ठेवतो कारण यात लोक फसतात. वेल्शमध्ये किंमतीला ‘प्रिस’ म्हणतात, आणि प्रनीशी ते अगदी एका घरचं वाटतं, पण प्रिस हा बाहेरून आलेला शब्द आहे, मागे गेलं तर लॅटिन प्रेतिउमपर्यंत जातो, क्री शी त्याचा काही संबंध नाही. दुसरं, वेल्श ‘प्रेन’ म्हणजे लाकूड, आयरिशमध्ये त्याचा जोडीदार ‘क्रान’ म्हणजे झाड, इथेही प आणि क अगदी नियमाने जुळतात, आणि तरीही हा धातू वेगळा. आवाज जुळले म्हणजे काम झालं असं नसतं, अर्थ आणि पूर्ण रूप दोन्ही जुळावे लागतात.

आता स्वराकडे येऊ, कारण खरी गंमत स्वरात आहे. संस्कृतात आपण लिहितो क्रीणाति, री दीर्घ. मग केल्टिकमध्ये *क्व्रीनति, दीर्घ ई, असं का नाही बांधलं? कारण केल्टिक रूपं स्पष्टपणे ऱ्हस्व सांगतात. आयरिशमध्ये ऱ्हस्व इ नंतरच्या अक्षरात अ असेल तर इ खाली उतरून ए होते, म्हणून क्रिन चं क्रेन झालं. दीर्घ ई असती तर ती ईच राहिली असती. वेल्शमध्येही प्रनीच्या पहिल्या अक्षरातला स्वर हा जुन्या ऱ्हस्व इ चाच वंशज आहे, आणि एकवचनी ‘प्रिन’ मध्ये तर तो सरळ ऐकू येतो. दोन साक्षीदार एकमेकांना न विचारता ऱ्हस्व म्हणतायत. मग संस्कृत चुकतंय का?

संस्कृतच्याच आत याचं उत्तर आहे. वैदिक छंदाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय की ऋग्वेदात हे क्रियापद येतं तिथे छंद नीट बसायला क्रि ऱ्हस्व धरावी लागते, लिहिलेली दीर्घ असली तरी. म्हणजे ऋषींच्या तोंडी क्रिणाति होतं आणि दीर्घ ई नंतर घुसली. कुठून घुसली? क्रीत वरून. क्रीत म्हणजे विकत घेतलेला, त्यात ई मुळापासून दीर्घ आहे. क्रीत, क्रीत्वा अशा रूपांच्या सहवासाने क्रिणातिची पण क्रीणाति झाली.

मग क्रीतमध्ये दीर्घ आणि क्रिणातिमध्ये ऱ्हस्व का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर येतो. ज्यांनी संस्कृत शिकलंय त्यांना सातवा गण आठवत असेल, युज् चं युनक्ति होतं, म्हणजे धातूच्या पोटातच न घुसतो, यु-न-क्-ति. नववा गण मात्र शाळेत वेगळाच वाटतो, धातूला ना लागतो आणि संपलं. या नवव्या गणाला पाणिनीय परंपरेत क्र्यादि गण म्हणतात, कारण त्याची यादीच क्री पासून सुरू होते, ‘डुक्रीञ् द्रव्यविनिमये’, म्हणजे वस्तूंची अदलाबदल. सोस्यूरने 21 वर्षांचा असताना लिहिलेल्या आणि मुखपृष्ठावर 1879 साल छापलेल्या निबंधात दाखवलं की सातवा आणि नववा गण एकच आहेत. फक्त नवव्या गणाच्या धातूंच्या शेवटी असा एक आवाज होता जो संस्कृतात गायब झालाय. समजा तो घशातला एक ह होता. मग रूप होतं क्रि-न-ह्-ति, अगदी यु-न-क्-ति सारखं. ह गेला आणि जाताना मागच्या स्वराला लांब करून गेला, म्हणून ना. आणि क्रीतमध्ये मधे न नाही, तिथे इ थेट ह च्या शेजारी, क्रि-ह्-त, त्यामुळे तिथे इ च लांब झाली, क्रीत. वर्तमानकाळात मधे न उभा असल्याने इ पर्यंत तो परिणाम पोचलाच नाही. सोस्यूरचे हे गायब आवाज बरीच वर्षं अनेकांना पटत नव्हते, मग हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली एक प्राचीन भाषा) भाषेच्या मातीच्या विटा वाचल्या गेल्या आणि 1927 साली कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवून दिलं की सोस्यूरने जिथे आवाज असायला हवा म्हटलं होतं तिथे हित्तीत खरोखर ह लिहिलेला सापडतो.

आणि क्रीत चा केल्टिक जोडीदार पण आहे! जुन्या आयरिशमध्ये क्रीथ म्हणजे खरेदी, मोबदला, आणि वेल्शमध्ये प्रीड म्हणजे किंमत, महाग, मौल्यवान. दोन्हीकडे ई दीर्घ. म्हणजे आयरिशने क्रेनिद-क्रीथ, वेल्शने प्रिन-प्रीड अशी ऱ्हस्व-दीर्घ जोडी तशीच सांभाळली जी संस्कृतने लेखनात पुसून टाकली. मला हे फार भारी वाटतं, की वेदाच्या एका अक्षराच्या लांबीबद्दल साक्ष द्यायला वेल्शचा शब्द येतो.

क्रीथवरून एक गोष्ट. 8व्या शतकाच्या सुरुवातीचा एक आयरिश कायद्याचा ग्रंथ आहे, क्रीथ गाव्लाख, त्याचं नाव ‘फांद्यांची खरेदी’ असं काहीसं समजावतात. समाजात कोणाचा दर्जा काय, कोणाचा अपमान झाला तर भरपाई किती, हे सगळं त्यात आहे. आणि त्या कायद्यांमध्ये मोजमाप असतं दुभत्या गाईंमध्ये, किंवा ‘कुमल’ नावाच्या एककात, ज्याचा मूळ अर्थ दासी. वाचायला अंगावर येतं पण हे असंच होतं. आता ऋग्वेदाचं चौथं मंडल, वामदेवाचं, 24वं सूक्त, दहावी ऋचा: ‘क इमं दशभिर्ममेन्द्रं क्रीणाति धेनुभिः’, माझा हा इंद्र दहा गाईंना कोण विकत घेतो? आणि होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्याच्या पहिल्या सर्गात लाएर्तेसने युरिक्लेया या दासीला वीस बैलांची किंमत देऊन विकत घेतलं असं येतं, तिथलं क्रियापद ‘प्रिआतो’, तेही याच धातूचं, ग्रीकमध्येही क्व चा प झाल्याने. त्याच्याही आधीच्या, क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या मातीच्या पाट्यांवर, ज्यांची लिपी मायकल व्हेंट्रिस या इंग्रज माणसाने 1952 साली उलगडली, गुलाम विकत घेतल्याच्या नोंदींमध्ये ‘क्विरियातो’ येतं, क्व अजून क्वच. म्हणजे पाहा, हे क्रियापद जिथे जिथे जुन्यात जुनं सापडतं तिथे शेजारी बहुतेकदा गाय उभी असते नाहीतर विकलेलं माणूस. नाणी फार नंतर आली.

शेवटचा तांत्रिक मुद्दा पटकन संपवतो, *क्व्रिनति मधला न नंतरचा अ ऱ्हस्व का, संस्कृतसारखा ना का नाही. जुन्या आयरिशमध्ये क्रियापदाच्या आधी ‘नी’ (नाही) लागलं की रूप छोटं होतं. ‘नी मोरा’, तो गौरव करत नाही, इथे मूळ दीर्घ आ होता म्हणून शेवटी आ शिल्लक राहिला. पण ‘नी क्रेन’, तो विकत घेत नाही, इथे शेवटी काहीच नाही, म्हणजे स्वर ऱ्हस्व होता आणि झडून गेला. तो ऱ्हस्व अ आला बहुवचनातून. संस्कृतात पण एकवचन क्रीणाति आणि बहुवचन क्रीणीमः, ना आणि नी असा फरक आहेच. केल्टिकने बहुवचनाचं हलकं रूप सगळीकडे लावलं. थुर्नायसेन या स्विस भाषाशास्त्रज्ञाने 1909 च्या जुन्या आयरिश व्याकरणात या घराण्याचा वेगळा वर्गच केला, त्यात बेनिद (मारतो, तोडतो), लेनिद (चिकटतो, मागे जातो) असे भाऊ आहेत. सरळ सांगायचं तर तो आपला क्र्यादि गणच.

आता वंशजांचं पुढे काय झालं ते. हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण इथे मराठीची गोष्ट आणि आयरिशची गोष्ट आरशासारखी समोरासमोर येते.

जुन्या आयरिशमध्ये क्रेनिदच्या शेजारी एक अजून क्रियापद होतं, रेनिद, ‘विकतो’. धातू पूर्ण वेगळा, ग्रीकच्या पेर्नेमि (विकतो) शी नातं सांगणारा, पण रूप अगदी क्रेनिदशी यमक जुळणारं. त्यांची नामं पण तशीच, क्रेक्क म्हणजे खरेदी आणि रेक्क म्हणजे विक्री. रेक्क-क्रेक्क ही जोडी ऐकायला छान, आपल्या देवाणघेवाणसारखी, पण धोक्याची, एका क वर सगळा अर्थ टांगलेला. शिवाय क्रेनिदची रूपं कठीण होती, भूतकाळ ‘कीउर’, जो मुळात संस्कृतच्या चिक्राय (विकत घेतलं) सारखं द्वित्व, म्हणजे पहिलं अक्षर दोनदा, होऊन बनलेला, पण ऐकणाऱ्याला त्यातून क्रेनिद ओळखू येणं अवघडच. मधल्या काळात आयरिश क्रियापदं सोपी होत गेली तेव्हा बेनिद आणि लेनिद वाचले, आजच्या आयरिशमध्ये ते बॅन आणि लॅन म्हणून रोज बोलले जातात, क्रेनिद मात्र गेला. आज आयरिशमध्ये विकत घ्यायला क्यानी असं वेगळंच क्रियापद आहे. मला वाटतं की कठीण रूपांनी एकट्याने त्याला मारलं नाही, कारण भाऊ तर तितकेच कठीण असून टिकले. शेजारी यमक जुळणारा उलट अर्थाचा शब्द असणं हे जास्त मोठं कारण असावं.

याला आधार मॅन बेटावर सापडतो. आयरिशची बहीण मँक्स, तिच्यात ‘क्रेक’ शब्द जिवंत आहे. आणि त्याचा अर्थ आहे विकणे! खरेदीचं नाम विक्रीचं क्रियापद झालं. स्कॉटिश गेलिकमध्येही ‘रेक’ म्हणजे विकणे आणि त्याच अर्थाने काही ठिकाणी ‘क्रेक’ म्हणतात. एका क वर टांगलेला अर्थ शेवटी घसरला.

आणि आता मराठी. प्राकृतात क्रीणाति चं किणइ झालं, हेमचंद्राने 12व्या शतकात आपल्या व्याकरणात ते नोंदवलंय, आणि वि लागलेल्या रूपाचं विक्किणइ, विक्केइ. पूर्वेकडे किण टिकला, बंगालीत केना, नेपाळीत किन्नु, ओडियात किणिबा, सगळ्यांचा अर्थ विकत घेणे. मराठीत तो किण उरला नाही. उरला फक्त वि वाला भाऊ, विकणे. मग घेण्याच्या बाजूला शब्दच नाही म्हटल्यावर मराठीने काय केलं, विकण्यातूनच तो बनवला, ‘विकत घेणे’. म्हणजे समोरचा विकतोय आणि मी घेतोय. गोव्यात कोंकणीतही असंच, विकतें घेवप. आपल्याला याची इतकी सवय झालीय की ‘विकतचं दुखणं’ म्हणताना त्यात विक्री आहे हे लक्षातही येत नाही, आपण तर पैसे देणारे असतो.

मँक्सने खरेदीच्या शब्दातून विकणे काढलं, मराठीने विक्रीच्या शब्दातून विकत घेणे. उलट दिशा पण दुखणं एकच, व्यवहार एक, बाजू दोन, आणि धातूत बाजू सांगणारं काही नाही. द्रव्यविनिमये, अदलाबदल, हेच पाणिनीय परंपरेने लिहून ठेवलंय. संस्कृतने वि लावून बाजू ठरवली, ऋग्वेदाच्या त्याच सूक्तात दहाव्याच्या आधीच्या ऋचेत ‘अविक्रीतो’ येतं, न विकला गेलेला, म्हणजे तेव्हापासून दिशा दाखवायचं काम त्या छोट्या वि कडे आहे. आयरिशने दिशा दाखवायला वेगळा धातू ठेवला पण यमकाने घोळ केला.

ब्रिटनच्या बाजूच्या भाषांत असा घोळ झाला नाही, कारण वेल्शमध्ये विकणे म्हणजे ग्वेर्थी, प्रनीशी काडीचंही साम्य नाही. प्रनी आ ग्वेर्थी, खरेदी-विक्री. दोन शब्द एकमेकांच्या पायात येत नाहीत म्हणून दोन्ही टिकले असं मला वाटतं. आणि प्रनी नुसतं टिकलं नाही, वर चढलं. पैसे देऊन सोडवून आणणारा या अर्थी वेल्शमध्ये ख्रिस्ताला ‘प्रन्वुर’ म्हणतात, शब्दशः विकत घेणारा. वेल्श बायबलमध्ये ईयोबाच्या 19व्या अध्यायात ‘माझा उद्धारक जिवंत आहे’ या वाक्यात हाच शब्द आहे. दहा गाईंना इंद्र विकत घेण्याची भाषा तिकडे आणि माणसाला पापातून विकत घेणारा देव इकडे, एकाच धातूवर.

ब्रेटनमध्ये प्रेनां रोजच्या बोलण्यात आहे, कॉर्निश भाषा मधे थांबून परत शिकवली जातेय आणि तिच्यासोबत प्रेनाही परत आलंय. बाकी घराण्यात लिथुआनियनमध्ये ‘क्रिएनस’ म्हणजे वधूसाठी दिलेलं मूल्य, जुन्या रशियनमध्ये विकत घेणे या अर्थी एक क्रियापद होतं ते गेलं, मध्य आशियातल्या तोखारियनमध्ये व्यापाराचा शब्द यावरून होता, ती भाषाच गेली. लॅटिनने हा धातू ठेवलाच नाही, तिथे ‘एमेरे’, मुळात घेणे, पुढे विकत घेणे, आपण ‘साडी घेतली’ म्हणतो तसंच.

वेल्श शिकायला लागलं की पहिल्या काही धड्यांतच दुकानातलं एक वाक्य येतं, ‘दू ई एइशा प्रनी बारा’. बारा म्हणजे पाव. मराठीत सांगायचं तर ‘मला पाव घ्यायचाय’. तिकडच्या वाक्यात क्री आहे, आपल्या वाक्यात नाही.